झुलीखालच्या गाठी

शेवगावच्या कॉलेजात मी बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवतो आहे. रविवारच्या पुरवणीत एक विनोदी सदरही लिहितो. बोरवंडीत, म्हणजे माझ्या सासुरवाडीत, यातलं काहीच कुणाच्या खिजगणतीत नाही. तिथे मी ‘डासवालं दाजी’. लग्नानंतर पहिल्या धोंड्याच्या जेवणाला गेलो असताना मी परसातल्या हौदातल्या अळ्या चमच्याने काढून उजेडात धरून बघत बसलो होतो, आणि तो चमचा चांदीचा होता. सासूबाईंनी ते पाहिलं. माझा मेव्हणा कल्याण याने त्याच पंगतीत नाव ठेवलं. ते अजून चालू आहे.

लंपीच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी दसरा झाल्यावर कल्याणचा फोन आला. गावात जनावरं मेली होती, उरलेल्यांच्या अंगावरच्या गाठी वाळत होत्या. जनावरांच्या दवाखान्याने माहितीची पत्रकं वाटली होती. ती लोकांनी गोठ्याच्या फुटक्या झरोक्यांना चिकटवून टाकली होती, त्यामुळे थोडा उपयोग झालाच. आता भाषण ठेवायचं होतं.

“दाजी, रक्त पिनाऱ्या किड्यांवर बोला. पर हसवत हसवत. लोकांचं डोकं ठिकानावर न्हाई.”

मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात, दिवे लागायच्या आधी, मी उभा राहिलो. बायका उजवीकडे, पुरुष डावीकडे, आणि मधे एक कुत्रा, जो संपूर्ण भाषणभर पिसवा खाजवून माझ्या मुद्द्यांना दुजोरा देत होता.

मी सांगितलं की सगळे रक्तपिपासू सारखे नसतात. डास सभ्य. आधी कानाशी गाणार, मग चावणार. चावते ती मादीच. नर बिचारा फुलांच्या रसावर दिवस काढतो. पुरुषांच्या बाजूने टाळ्या पडल्या. गोठ्यातली चावरी माशी याच्या उलट. तिला धीर नाही. या बैलाचं घोटभर, त्या गाईचं घोटभर, आणि मधे तोंड पुसायची पद्धत नाही. लंपी दारोदार नेण्यात तिचा हात मोठा. गोचीड तर कीटकच नव्हे. त्याला आठ पाय, तो कोळ्याच्या भावकीतला. तो धावत नाही, उडत नाही. गवताच्या टोकावर पुढचे पाय पसरून बसतो आणि जनावर जवळून जाईपर्यंत महिनेच्या महिने उपाशी राहतो. तहसिलीत काम असलेल्या माणसाने हा गुण जरूर घ्यावा. आणि ऊ एकनिष्ठ. माणसाची ऊ माणसालाच, जनावराची जनावरालाच. तिचं घर सहसा बदलत नाही.

“आता या सगळ्यांत सारखं काय?” मी शेवटाकडे आलो. “यांतल्या कुणालाही आपल्याशी वैर नसतं. त्यांना ऊब कळते, घाम कळतो, आपला श्वास कळतो. आपण कोण, आणि आपण काय केलंय, हे त्यांना कळत नाही. तेव्हा नवस करू नका, फवारणी करा. आणि घाबरू नका. लंपी माणसाला होत नाही.”

बायकांच्या बाजूने एकजण उठली. चाळिशीची, उंच, हातात काही नाही, चेहऱ्यावरही काही नाही.

“दाजी, ह्यातलं सगळ्यांत जास्ती दम कोन धरतं?”

“गोचीड.”

“आन मानूस वळखतं कोन?”

“कुणीच नाही.”

“बरं,” ती म्हणाली. तिने उत्तर ऐकून घेतलं होतं. पटवून घेतलं नव्हतं. ती खाली बसली, तेव्हा तिच्या पुढे-मागे बसलेल्या बायका किंचित सरकल्या. जागा पुष्कळ होती.

घरी जाताना कल्याणने सांगितलं. तिचं नाव विजयमाला. नवरा आसाराम. दोघंही दरवर्षी दसऱ्यानंतर बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जायचे. त्यांची खिलारी जोडी होती, गावात नाव होतं जोडीचं. दोन्ही बैल नवरात्रात गेले. आसाराम यंदा दुसऱ्याच्या गाडीवर मोळ्या वाहायला गेला होता. विजयमाला गावातच राहिली होती. का, ते कुणी विचारलं नाही.

“लंपीनं गेले ना? मग?”

“मग काय, दाजी. तिचं म्हननं, सूर्यभान अण्णानं आनली.”

सूर्यभान अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, रोहिणीचे, चुलते. पोळ्याला वेशीत बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण पहिल्यांदा त्यांच्या बैलाने तोडायचं, मग बाकीच्यांनी त्यामागून जायचं, हा त्यांच्या घराचा मान. किती पिढ्यांचा हे त्यांनाही सांगता येत नाही, पण विचारलं तर सांगतात. त्या वर्षी जनावरं एकत्र आणायला बंदी होती. अण्णा म्हणाले, पाच मिनिटांचं काम हाय. सगळ्यांचे बैल वेशीत आले. अण्णांचा बैल पुढे. गुडघ्यापर्यंत आरशांची झूल, तोंडाला बाशिंग, आणि उघड्या जागी गेरूचे मोठमोठे ठिपके. विजयमालाची जोडी त्याच्या लगेच मागे.

विजयमाला पुरणपोळी भरवायला पुढे झाली. आपल्या जोडीला भरवून झाल्यावर मानाच्या बैलालाही घास द्यायचा असतो. घास देताना तिने मायेने हात मानेवरून फिरवला आणि तो झुलीच्या खाली गेला.

“गाठी,” कल्याण म्हणाला. “लिंबायेवढ्या. ती तिथंच वरडली. पर हलग्या वाजत हुत्या. आन सन हुता.”

पोळ्यानंतर आठवड्याच्या आत अण्णांचा बैल मेला. अण्णांनी तो बांधावर झुलीसकट पुरला. विचारणाऱ्याला सांगितलं, साप चावला. नंतर गावात एकेक दावण रिकामी होत गेली.

“त्यांना आधी ठाऊक नसेलही,” मी म्हणालो. मी जावई होतो.

“दाजी, पोळ्याच्या आदल्या दिशी खांदेमळनी आसती. तूप-हळद लावून बैलाचं खांदं मळायचं, मालकानं, सोताच्या हातानं. अण्णा गड्याला हात लावू देत न्हाईत.” त्याने वेशीकडे हात केला. “तिला बाकी कायबी नको. अण्णानं वेशीत उभं राहून एकदा म्हनावं, मला म्हाईत हुतं. एवढंच.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अण्णांच्या ओट्यावर चहाला गेलो. अण्णा साठीचे, धिप्पाड, पूर्ण टकलाचे, पांढऱ्याशुभ्र बनियनवर उपरणं टाकून बसलेले. मुलगा रविराज मोबाईलवर कुणाला तरी खतावरून झापत होता. शेजारी गोठ्यात तीन म्हशी होत्या, उकिरडा पलीकडेच होता.

“भाषन लई झ्याक झालं म्हनं. त्या आसारामाच्या बायकोनं काय तरी इचारलं म्हनं?”

“डासांबद्दल,” मी म्हणालो.

“तिचं डोकं फिरलंय. माझ्या बैलाला साप चावला, दाजी. उजव्या मागच्या पायाला, खुराच्या वर. दोन दात सोता बघितलं मी.”

मी त्यांच्याकडे बघत होतो, म्हणून दिसलं. ‘साप’ म्हणताना त्यांच्या गालावर एक डास बसला. त्यांनी मारला. दुसरा बसला. मग कानाच्या पाळीवर, मग टाळूवर. सकाळचे नऊ वाजले होते, ऊन ओट्यावर आलं होतं, आणि तीन म्हशी तिथेच उभ्या होत्या. माझ्यावर एकही नव्हता. रविराजवरही नव्हता.

कुणाच्या घामाकडे डास जास्त ओढले जातात हे शास्त्राला माहीत आहे. मी मनात तेच म्हटलं, आणि चहा संपवला.

दिवाळीत भाऊबीजेला गेलो तेव्हा डास नव्हते. माशा होत्या. चावरी माशी जनावराच्या पायांवर बसते. माणूस तिला नाइलाजाने चालतो. अण्णांच्या घोट्यांवर त्या ओळीने बसल्या होत्या, डोकी वर करून, जशा बैलाच्या पायावर बसतात. म्हशींचे पाय मोकळे होते. एक म्हैस शांतपणे रवंथ करत अण्णांकडे बघत होती.

“औषध मारलं, धूर केला, मच्छरदानी लावली,” अण्णा पाय आपटत म्हणाले. “तुमचा पगार कशाचा हाय मंग?”

“अण्णा, तो बैल—”

“साप चावला.”

पोटरीवर पाचसहा माशा एकदम उठल्या आणि एकदम बसल्या.

संक्रांतीला त्यांनी मला आत बोलावून उपरणं बाजूला केलं. मानेच्या मागे, खांदा सुरू होतो तिथे, गोचीड होता. एरंडाच्या बीएवढा, करडा, भरलेला. गुरांवरचा हा गोचीड माणसाला सहसा धरत नाही. मी चिमट्याने सरळ ओढून काढला, जागा धुतली, ताप आला तर लगेच दवाखान्यात जा म्हणून बजावलं. पुढच्या खेपेला तिथेच दुसरा होता. त्याच छिद्रावर. त्याच आकाराचा. एवढा फुगायला त्याला कितीतरी दिवस लागले असते, आणि रविराजची बायको निकिता म्हणाली की ती रोज सकाळी बघते, आणि काल तिथे काही नव्हतं.

शिवरात्रीला उवा झाल्या. अण्णांच्या डोक्यावर केस नाहीत, हे मी सांगितलंच आहे.

परतीच्या एसटीत मला पहिल्यांदा जाणवलं. डास, माशी, गोचीड, ऊ. मी भाषणात ज्या क्रमाने सांगितलं होतं, त्याच क्रमाने. मी स्वतःची समजूत घातली की मीच तो क्रम लावतोय. माणसाला क्रम लावायची खोड असते. गाडीत उकडत होतं, तरी मी खिडकी लावून घेतली.

विजयमाला दर वेळी दिसायची. वेशीच्या कट्ट्यावर, शेळ्या सोडून. काही करत नसायची.

“बरं हाय का दाजी?”

“बरं आहे. तुमचं?”

“आमी बसलोय,” ती म्हणायची.

वैशाखात अण्णांनी बोलावणं धाडलं. मधल्या खोलीची दारं-खिडक्या बंद होत्या. एवढ्या उकाड्यात ते घोंगडी पांघरून बसले होते. खोलीभर बारीक, अखंड गुणगुण होती. फ्रिजची असेल असं वाटलं. फ्रिज बंद होता.

“दार लोटा,” ते म्हणाले आणि घोंगडी सोडली.

मानेपासून कमरेपर्यंत गाठी होत्या. गोल, टणक, काठ उंचावलेल्या; काहींच्या मधोमध चामडी काळी पडून सुटायला आलेली. मी अशा गाठींचे फोटो वर्गात दाखवतो. फोटोंत त्यांच्याभोवती केस असतात आणि खाली शेपूट.

“नगरला दाखवलं. दोन डॉक्टर झाले. रगत तपासलं. कायबी निघत न्हाई म्हनत्यात. दाजी, तुमी भाषनात म्हनला हुता.”

“लंपी माणसाला होत नाही.”

“मंग ह्ये काय हाय?”

त्यांच्या कपाळावर एक माशी बसली होती. त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. सवय झाली होती. ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

“खांदं मळताना लागलं हाताला,” ते म्हणाले. “दोन्ही हाताला लागलं. तूप लावलेलं, तरी लागलं. मला म्हाईत हुतं. पर तोरन कुनी तोडायचं मंग? मान मागनाऱ्या त्या बन्सीच्या बैलानं?”

गुणगुण थांबली.

एकदम थांबली. कपाळावरची माशी उठली, भिंतीवर जाऊन बसली आणि बसून राहिली. मी खोलीत बघितलं. छतावर, कोनाड्यात, देवाच्या फोटोच्या काचेवर त्या होत्या. एकही हलत नव्हती.

“हे वेशीत सांगा, अण्णा.”

“सांगतो. पोळ्याला सांगतो. समदं गाव आसतं तवा. मारुतीची आन.”

दाराबाहेर कुणाचं तरी पाऊल वाजलं. रविराज असावा.

त्या दिवसापासून अण्णांना उतार पडला. जूनमध्ये गाठी बसू लागल्या. वैशाखात निघताना मी एक साधं मलम देऊन आलो होतो. नागपंचमीला ते ओट्यावर उघड्या अंगाने बसले होते, पाठ गुळगुळीत. एक माशी त्यांच्या बशीवर बसली आणि साखर खाऊन गेली, जशी कुणाच्याही बशीवर बसते.

“दाजी, मलम लई गुनकारी हाय हो तुमचं.”

“आणि पोळ्याला बोलायचं ठरलंय ते?”

“बगू की,” अण्णा म्हणाले.

पोळ्याला मी मुद्दाम रजा काढून गेलो. बंदी उठली होती. अण्णांनी खर्ड्याच्या बाजारातून नवा बैल आणला होता, नवी झूल शिवली होती. झुलीला नगरहून आरसे. अण्णांना फेटा. हलग्या वाजत होत्या. विजयमाला ताट घेऊन आली. तिच्याकडे बैल नव्हते, तरी ताटात पुरणपोळी होती, हळदीकुंकू होतं. लोकांनी वाट दिली.

ती नव्या बैलासमोर थांबली नाही. ती अण्णांसमोर थांबली.

हलगीवाल्याचा हात आपोआप थांबला. तिने अण्णांना कुंकू लावलं. मग पोळीचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडाशी धरला आणि दुसरा हात सावकाश त्यांच्या मानेवरून, सदऱ्याच्या कॉलरखाली नेला. आजारी जनावराला चाचपतात तसा.

“बोला, अण्णा,” ती म्हणाली. “खांदं मळताना काय लागलं?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग नव्या बैलाकडे. मग तोरणाकडे.

“साप चावला त्याला,” ते मोठ्याने म्हणाले. “उजव्या मागच्या पायाला. वाजव रं!”

विजयमालाने हात काढून घेतला. तळहात बघितला. पोळीचा तुकडा परत ताटात ठेवला.

तोरण तुटलं. लोक ओरडले.

संध्याकाळी बैल बांधायला गोठ्यात गेलेले अण्णा परत आले नाहीत. निकिताला ते गव्हाणीशी पडलेले सापडले.

शेवगावच्या दवाखान्यातून सकाळी देह आणला. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. त्याने तिथेच मला बाजूला घेतलं. सर्पदंश, सर. उजवा पाय, टाचेच्या वर. दोन दात स्पष्ट. गोठा सगळा उकरला म्हणतात, साप मिळाला नाही.

“पाठीवर काही?”

“काहीच नाही, सर. डासाचा चावासुद्धा नाही.”

अंगणात देह ठेवला होता. अण्णांची श्रीरामपूरला दिलेली मुलगी यायची होती, म्हणून थांबले होते. रात्रीच्या सरीनंतर ऊन पडून वाफ निघत होती. उकिरड्यावर माशांचा नुसता घोंगाट होता.

उशाशी एका बाईने कडुलिंबाची डहाळी घेऊन बसायचं असतं, माशा वारायला. ती विजयमाला होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ऊठही कुणी म्हणालं नाही.

ती काही वेळ डहाळी हलवत राहिली. मग थांबली.

मग माझ्याही लक्षात आलं. वारायला एकही माशी नव्हती. उकिरड्यावर होत्या, म्हशींवर होत्या, चहाच्या कपांवर होत्या. देहाभोवती नव्हत्या. उघड्या डोळ्याच्या कडेला पाणी होतं, तिथेही नव्हत्या.

विजयमालाने डहाळी खाली ठेवली.

रविराज माझ्याजवळ येऊन उभा राहिला. हळू आवाजात म्हणाला, “दाजी, अण्णा वैशाखात काय बोलले, ते तुमच्यापाशीच राहू द्या. गेलेलं मानूस हाय. घरचं जावई हाव तुमी.”

मी मान हलवली. होय म्हणून की नुसतीच, मला आता सांगता येणार नाही.

“दाजी,” विजयमाला तिथूनच म्हणाली. आवाज चढवला नाही, पण सगळ्या अंगणाला ऐकू गेलं. “अण्णा तुमास्नी काय म्हनलं हुतं?”

कल्याणने माझ्याकडे बघितलं. रोहिणीने बघितलं. रविराज खाली बघत राहिला. सापाचं सगळ्यांना पटलेलं होतं. डॉक्टरने लिहूनही दिलं होतं. मला फक्त ‘काही नाही’ एवढंच म्हणायचं होतं.

मी तोंड उघडलं.

उकिरड्याकडून एक माशी आली. चावरी. देहावरून सरळ गेली, कुठे रेंगाळली नाही. माझ्या मनगटावर बसली. डोकं वर करून.

ती चावली नाही. बसून राहिली.